मागच्या टाकीची हवा

हार्लन ट्वेटेनचा गाडीच्या बाबतीत एकच धर्म होता: रात्रभर हवा टिकली तरच गाडी हलवायची. देव, चर्च, निवडणुका यांबद्दलची त्याची मतं ऋतूप्रमाणे बदलत. पण हवेबद्दलचं मत विस्कॉन्सिनमध्ये जन्मभर दुधाचा टँकर हाकताना पक्कं झालं होतं आणि आता ते त्याच्यासोबतच जाणार होतं. संध्याकाळी इंजिन सुरू करायचं, ब्रेकच्या टाक्या हवेने भरू द्यायच्या, डॅशबोर्डावरचे दोन्ही काटे वर जाऊन बसले की इंजिन बंद. एक काटा पुढच्या ब्रेकचा, एक मागच्या. सकाळी उठून आधी काटे बघायचे, मग कॉफी. काटे थोडे उतरले असतील तर हरकत नाही, म्हातारपणी रात्रीतून माणूसही थोडा उतरतोच. पण एखादा काटा तळाला गेला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळकी गाडी घेऊन घाट उतरणारा एकतर मूर्ख असतो नाहीतर मेलेला, असं तो म्हणे.

मार्चअखेरच्या त्या आठवड्यात मागच्या ब्रेकचा काटा रोज सकाळी तळाला असायचा. पुढचा आपला शहाण्यासारखा जागेवर, आणि मागचा आडवा. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या तळावर उत्तरेकडचे म्हातारे घरगाड्या घेऊन हिवाळा काढत, आणि तिथले उरलेसुरले सगळे पुरुष त्या काट्याच्या मागे लागले होते. गळती कुठे आहे ते कोणालाच सापडत नव्हतं, आणि सापडणारही नव्हतं, कारण हवा हार्लनची बायको मार्लिस सोडत होती.

काम अगदी सोपं होतं. हवेबरोबर टाकीत पाणी साचतं, ते काढून टाकायला प्रत्येक टाकीच्या बुडाशी एक झडप असते आणि झडपेला बोटाएवढ्या जाडीचा दोर. दोर ओढला की पाणी पिचकारीसारखं उडतं आणि ओढून धरला की पाण्यामागोमाग सगळी हवा जाते. मागच्या ब्रेकची टाकी त्यांच्या पलंगाच्या बरोबर खाली होती. मार्लिस पहाटे डिझेलला फिरवायला बाहेर काढायची. डिझेल म्हणजे त्यांचा कुत्रा, मांजरापेक्षा किंचित मोठा. शेजारच्या व्हर्जिल ऑक्सला सकाळी उठल्याउठल्या कॉफी लागे, आणि तळावरची रात्रीची शांततेची वेळ संपली रे संपली की तो जनरेटर सुरू करी. तो धडधडायला लागला की मार्लिस मागच्या चाकाशी उकिडवी बसायची आणि दोर ओढायची. फुस्सऽऽ असा आवाज जनरेटरच्या धडधडीत मिसळून जायचा. ओली झालेली वाळू हार्लन उठेपर्यंत वाळून जायची. वाळवंटाचे काही फायदे असतात.

सत्तरी ओलांडलेल्या, रविवारच्या शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकवलेल्या बाईने हे का करावं? तर नवऱ्याला दिसत नव्हतं म्हणून.

पूर्ण दिसत नव्हतं असं नाही. कडेचं दिसायचं. मधोमध मात्र, जिथे माणूस बघतो नेमकं तिथे, काहीतरी पुसल्यासारखं झालं होतं. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिने ते तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं होतं. चष्मा राहिला म्हणून तो तिच्याकडून पत्रं वाचून घ्यायला लागला, आणि चष्मा नाकावरच असायचा. माणसांशी बोलताना तो त्यांच्या कानाकडे बघायला लागला. तळावरच्या लोकांना वाटलं म्हाताऱ्याला शिष्टपणा चढलाय. आणि मग पेट्रोलपंपावरची ती गोष्ट झाली.

घरगाडीत राहणाऱ्या जोडप्यांचा एक रिवाज असतो. चाळीस फुटांची गाडी मागे घ्यायची तर नवरा सुकाणूवर बसतो आणि बायको मागे जाऊन उभी राहते, त्याला आरशात दिसेल अशी, आणि हातांनी खुणा करते. ये, ये, डावीकडे, थांब. यावरून जगात जितकी भांडणं झाली असतील तितकी पैशांवरूनही झाली नसतील. पण ट्वेटेन दांपत्यात या बाबतीत कधी वाद नव्हता, कारण त्यांचा नियम एकच होता आणि तो दोघांनी पाळला होता: आरशात तू दिसेनाशी झालीस की मी थांबणार. नोव्हेंबरात दक्षिणेकडे येताना त्या पंपावर मार्लिसने दोन्ही हात वर करून थांब म्हटलं, आणि गाडी येतच राहिली. ती आरशात स्वच्छ दिसायला हवी होती. ती बाजूला उडी मारून सरकली आणि गाडीच्या मागच्या पत्र्यावर तिने दोन्ही मुठी आपटल्या, तेव्हा तो थांबला.

"ऊन डोळ्यावर आलं गं," तो म्हणाला.

आकाश ढगाळ होतं. त्या दिवसापासून तिला एकाच गोष्टीची भीती होती: वसंतात परत उत्तरेला जाताना हा माणूस ही बारा टनांची गाडी घेऊन डोंगर चढेल आणि उतरेल, आणि वळणावर समोर कोणीतरी असेल. आपण दोघं गेलो तर गेलो, पण समोरची गाडी कोणाची असेल, तिच्यात पोरंबाळं असतील, असं मनात आलं की ती उठून बसायची.

मग सरळ सांगून का नाही टाकायचं? याचं उत्तर हार्लनच्या थोरल्या भावात होतं. नॉर्मनला असंच दिसेनासं झालं तेव्हा त्याच्या पोरांनी एकमताने ठरवून त्याच्या ट्रकची किल्ली काढून घेतली. चांगल्यासाठीच घेतली. नॉर्मन त्यानंतर पडवीत खुर्ची टाकून बसला, तो हिवाळा लागेपर्यंत बसलेलाच होता, आणि हिवाळ्यात गेला. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना हार्लन म्हणाला होता, "किल्ली काढली त्याच दिवशी गेला तो. आता नुसतं पुरलं." मार्लिस तेव्हा शेजारीच कॉफी ओतत होती. ते वाक्य ती विसरली नव्हती. नवऱ्याला आंधळा म्हणायचं धाडस तिला झालं नसतं असं नाही, पण त्याला पडवीतल्या खुर्चीत बसवायचं तिला होईना.

म्हणून तिने हवा सोडली. पुढे काय, याचा बेत तिच्याकडे नव्हता. एक सकाळ ढकलायची, मग दुसरी. ऊन तापत चाललं होतं, उत्तरेची मंडळी रोज थोडी थोडी निघत होती, आणि तळावर त्यांच्या जागी शेकोटीच्या दगडांची रिकामी वर्तुळं राहत होती. विस्कॉन्सिनहून मुलगी जोडी फोनवर विचारायची, निघालात का? मार्लिस सांगायची, ब्रेकची हवा गळतेय गं, बाबा शोधतायत.

बाबा खरंच शोधत होते. रोज न्याहारीनंतर हार्लन जुनी सतरंजी पसरून गाडीखाली सरकायचा, छातीवर साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन. गळती शोधायची सगळ्यात जुनी रीत ही: सांध्यावर साबणपाणी मारायचं, जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. टाकी भरलेली पाहिजे म्हणून आधी इंजिन चालू करून हवा भरायची, मग फवारणी. व्हर्जिल दुसऱ्या बाजूने आत शिरायचा. व्हर्जिल नेब्रास्काचा, शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात नोकरी झालेली, आणि एखादं बिघडलेलं यंत्र हाती लागलं की ते दुरुस्त होईपर्यंत त्याच्या पोटात अन्न पचत नसे.

"ब्रेकच्या डब्याला मारलंस का पाणी?" व्हर्जिल विचारायचा.

"मारलं."

"बुडबुडे?"

"आंघोळ घालून झाली त्याला. एक बुडबुडा नाही."

"मधल्या झडपेला?"

"तीही कोरडी."

"आणि टाकीला? खालच्या पाण्याच्या झडपेला?"

"टाकी मीच बघितली लेका, पहिल्याच दिवशी. ठणठणीत आहे. तू तुझ्या बाजूचं बघ."

मार्लिस दारातल्या पायरीवर बसून बटाटे सोलत हे ऐकायची. ज्याला काट्यावरचा आकडा दिसत नाही त्याला साबणाचा बुडबुडा काय दिसणार, हे तिच्या मनात यायचं. बिचारा अंदाजाने ठोकून देतोय. त्या अंदाजांत तिचा दोर वाचत होता, हे मात्र बरं होतं. पाप करणाऱ्याला देव असाच अधूनमधून सांभाळून घेतो.

चार वाजले की खुर्च्या बाहेर यायच्या. ज्याचा त्याचा पेला ज्याने त्याने आणायचा, खायला काहीतरी एक आणायचं, आणि सूर्य मावळेपर्यंत गोल करून बसायचं. पूर्वी त्या गोलात वीसेक खुर्च्या असायच्या, आता सहा. विषय एकच.

"मी सांगतो, हवा सुकवणारी ती डबी गेलीय," कॅनडाचा एकजण म्हणाला.

"तू काल हॉर्नची नळी गेलीय म्हणत होतास."

"हॉर्नचीही गेली असेल. गाडी म्हातारी आहे."

"मालकापेक्षा तरणी आहे," हार्लन म्हणाला.

व्हर्जिलची बायको ट्वायला हसून म्हणाली, "जो गळती शोधेल त्याला मी रुबार्बच्या गोड सारणाचा पाय भाजून घालणार. आमच्या ह्यांनी तर परवाच छाती ठोकून सांगितलं होतं, सापडली म्हणून. सकाळी बघतात तर काटा झोपलेला. दिवसभर तोंड दाखवायला जागा नाही."

"तू हस," व्हर्जिल म्हणाला. "शुक्रवारी आपण निघणार. त्याआधी मी ती गाडी नीट करून जातो की नाही बघ. यांना या उन्हात एकटं टाकून जायचं म्हणजे काय."

मार्लिसने पेला तोंडाला लावला. चांगल्या माणसांची हीच अडचण असते. त्यांना आवरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि हार्लन कपडे धुवायला गावात गेले. घरगाडीच्या मागे बांधून आणलेली छोटी मोटार नेहमी मार्लिसच चालवायची, त्यात काही विशेष नव्हतं. यंत्रात कपडे गरगरत असताना ते शेजारच्या खानावळीत बसले. हार्लनने मेन्यूकार्ड हातात घेतलं, नीट लांब धरलं, जवळ धरलं, आणि खाली ठेवलं.

"तुझं काय?" त्याने विचारलं.

"चिकन-फ्राइड स्टेक."

"मग मलाही तेच. विचार करण्याचा कंटाळा आलाय."

मार्लिसने मीठदाणी इकडची तिकडे केली. आता म्हणू, असं तिने तीनदा ठरवलं. शेवटी म्हणाली ते असं: "हार्लन, यंदा थोडी मीच चालवून बघू का मोठी गाडी? तुला जरा आराम."

तो तिच्या कानाकडे बघून हसला. "तू? त्या दुकानापुढच्या ढकलगाड्यांना विचार आधी. त्यांच्यातल्या काही अजून लंगडतायत म्हणे."

पुष्कळ वर्षांपूर्वी रविवारच्या रिकाम्या वाहनतळावर मार्लिसने मोठी गाडी एकदाच चालवली होती. दुकानातल्या सामानाच्या ढकलगाड्यांचं अख्खं कुंपण तिने आडवं केलं होतं. ती गोष्ट हार्लनने पाच राज्यांत सांगितली होती. मार्लिसही प्रत्येक वेळी हसली होती, आणि आत्ताही हसली, पण तिला हसू आलं नव्हतं.

परत येताना तो खिडकीबाहेर बघत बसला होता. गाव मागे पडल्यावर म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. हवा गळतेय ते."

"का?"

"इथली संध्याकाळ चांगली असते. आणखी थोड्या बघायला मिळतायत." डिझेल त्याच्या मांडीवर घोरत होता.

ते परत आले तेव्हा व्हर्जिल आपल्या पायरीवर बसून चिंधीने हात पुसत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, लपवलेला खाऊ फस्त केलेल्या पोरासारखं काहीतरी होतं. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही. चारच्या गोलातही त्याने तोंड उघडलं नाही. कॅनडावाल्याने ब्रेकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्याचा नवा सिद्धांत मांडला, त्यालाही व्हर्जिल फक्त मान डोलवत राहिला. ट्वायला म्हणाली, यांची तब्येत बरी नाही वाटतं. संध्याकाळी हार्लनने नेहमीप्रमाणे इंजिन चालू केलं, मार्लिसला विचारलं काटे कुठे आहेत, तिने सांगितलं वर आहेत दोन्ही, आणि इंजिन बंद केलं.

पहाटे जनरेटर धडधडला. मार्लिस डिझेलला घेऊन मागच्या चाकाशी गेली, उकिडवी बसली, गुडघा कटकन वाजला. तिने दोर हातात घेतला आणि ओढला.

दोर हातात आला.

पूर्ण आला, टोकासकट. कुठूनही काही फुसफुसलं नाही. ती क्षणभर तो दोर हातात धरून तशीच बसली. मग वाकून गाडीखाली बघितलं. टाकीच्या बुडाशी जिथे झडप होती तिथे आता एक नवंकोरं पितळी बूच होतं, चांगलं पिळून बसवलेलं. व्हर्जिलने दुपारी येऊन झडपच काढून टाकली होती आणि दोर तसाच लोंबत ठेवला होता. सकाळी भरलेली हवा त्याने आधी सोडून दिली असणार. आणि मागच्या वेळेसारखं हसं होऊ नये म्हणून सकाळपर्यंत गप्प बसला होता.

मागचा काटा आज वरच असणार. हार्लन उठेल, काटा कुठे आहे विचारेल, आणि आता वर आहे म्हणून सांगावं लागेल, कारण व्हर्जिलही येऊन बघणारच. मग हार्लन म्हणेल, चला. न्याहारी करून निघू. सांगायचं तर आजच, आत्ता, काटे बघायच्या आधी. बाकी काही मार्ग उरला नव्हता.

ती पायऱ्या चढून आत गेली. दोर खाली ठेवायचं सुचलं नाही. मागच्या खोलीत हार्लन पलंगाच्या कडेला बसला होता, पाय जमिनीवर, हात गुडघ्यांवर. दिवा लावलेला नव्हता. तो नुकताच उठलेला दिसत नव्हता. बराच वेळ बसलेला दिसत होता.

"आज आवाज नाही आला," तो म्हणाला.

मार्लिस दारातच थांबली. डिझेल तिच्या पायांतून आत जाऊन पलंगावर चढला.

"कसला आवाज?" तिने विचारलं, पण विचारताना तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

"मार्लिस, माझे डोळे गेलेत. कान नाही गेले. ती टाकी माझ्या पाठीखाली आहे. मी जन्मभर हवेचा आवाज ऐकत आलोय, आणि व्हर्जिलच्या त्या डबड्याआड तो लपेल असं वाटलं तुला?"

माझे डोळे गेलेत. तो हे असं बोलून गेला, कॉफी संपलीय म्हटल्यासारखं. मार्लिस पलंगावर त्याच्या शेजारी बसली. दोर दोघांच्या मध्ये पडला.

"कधीपासून ऐकतोयस?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज त्या साबणाच्या पाण्यात लोळत होतास."

"लोळायला काय जातंय. व्हर्जिलला टाकीकडे फिरकू द्यायचं नव्हतं, तेवढंच काम होतं." त्याने मध्ये पडलेला दोर चाचपून पाहिला. "शेवटी गेलाच ना तो? बूच मारलं?"

"पितळेचं."

"मेल्याला सांगितलं होतं टाकी ठणठणीत आहे म्हणून."

मार्लिसला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. दोन्ही तिने नाकातच जिरवलं, त्यांच्याकडची माणसं तसंच करतात. मग म्हणाली, "बोलला का नाहीस रे?"

"तू का नाही बोललीस?"

"नॉर्मनमुळे."

"मीही नॉर्मनमुळेच," तो म्हणाला. "त्या पंपावर तुझ्या मुठी वाजल्या, तेव्हाच मला कळलं होतं. आरशात तू नव्हतीस. मी थांबायला पाहिजे होतं, नियम होता. पण मला वाटलं, थांबलो तर आता कायमचाच थांबलो. म्हणून येत राहिलो मागे. तुझ्यावर." त्याने डिझेलच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यानंतर रोज मनाशी म्हणायचो, उद्या सांगतो तिला. मग तू दोर ओढायला लागलीस. पडल्या पडल्या ऐकायचो, फुस्स झालं की म्हणायचो, चला, आजचा दिवस सुटला. आज वाट बघत बसलो, आणि काही आलंच नाही."

बाहेर व्हर्जिलचा जनरेटर धडधडत होता. मार्लिसने त्याचा हात धरला. थंड होता. चाळीस वर्षं त्या हाताने टँकर एकदाही रस्त्याखाली घातला नव्हता, हे तिला आठवलं आणि त्याला सांगावंसं वाटलं, पण ते त्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"मला पडवीत बसवू नकोस," तो म्हणाला.

"पडवी आहे कुठे आपल्याला? घर विकून बसलोय." तिने दोर उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "मी चालवते. तू शेजारी बस. कान आहेत म्हणालास ना? इंजिन कुठे कण्हतंय, ब्रेक कधी तापलाय, घाटात गिअर कधी उतरवायचा, ते मला काय कळतंय. ते तू सांग. नाही सांगितलंस तर मी ढकलगाड्या पाडेन, आणि मग सांगत बस पाच राज्यांत."

तो दोराला गाठी मारत आणि सोडत बसला. मग म्हणाला, "आधी इथेच शीक. आठवडाभर. इथे धडकायला निवडुंगांशिवाय काही नाही."

"आणि व्हर्जिल."

"व्हर्जिलला धडकलीस तर चालेल."

न्याहारी झाली तसा व्हर्जिल आलाच, सोबत ट्वायला आणि कॅनडावाला. दारातून आत वाकून त्याने काटे बघितले. दोन्ही वर. त्याने छाती फुगवून सगळ्यांकडे पाहिलं.

"पाण्याची झडप," तो म्हणाला. "रबर गेलं होतं आतलं. बुडबुड्यात दिसतही नाही असं गेलं होतं. मी म्हटलं, काढूनच टाकू भानगड. म्हाताऱ्या, तू आठवडाभर टाकी ठणठणीत म्हणत होतास."

"चुकलंच माझं," हार्लन म्हणाला. "उपकार आहेत तुझे."

"मग कधी निघताय? आज?"

हार्लन पायरीवर उभा होता, दाराची कड धरून. मार्लिस आत, सुकाणूच्या खुर्चीजवळ होती. तिला त्याची पाठ दिसत होती. त्याच्या पाठीवरून तिला कळलं की तो आता बोलणार आहे, आणि ती मध्ये पडली नाही.

"आज नाही. मार्लिस शिकतेय चालवायला," तो म्हणाला. "मला दिसत नाही, व्हर्जिल."

ट्वायलाने हातातली ताटली दुसऱ्या हातात घेतली. व्हर्जिलची फुगलेली छाती हळूहळू खाली बसली.

"मग ते बुडबुडे," तो शेवटी म्हणाला, "ते तू काय बघत होतास?"

"बघतच नव्हतो."

व्हर्जिलने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळायला लागलं होतं. त्याने हार्लनच्या खिशातून लोंबणाऱ्या दोराच्या टोकाकडे पाहिलं, मग आत मार्लिसकडे पाहिलं. आणि काही न विचारता म्हणाला, "माझी गाडी मी जरा पलीकडे घेतो. तुम्हाला मागे यायला जागा लागेल." ट्वायलाचा रुबार्बचा पाय मात्र त्याने त्या संध्याकाळी पूर्ण खाल्ला. तो त्याच्या हक्काचा होता.

त्याने गाडी हलवल्यावर मार्लिस मोठ्या खुर्चीत बसली. खुर्ची पुढे घेतली, उशी घेतली, आणखी एक घेतली. इंजिन सुरू केलं, गाडी सपाट ठेवणारे खालचे टेकू वर उचलले. हार्लन खाली उतरला आणि एका हाताने गाडीचा पत्रा चाचपत मागे चालत गेला, इतकी वर्षं ती जायची तसा. जाताना तिच्या खिडकीखाली थांबून म्हणाला, "नियम तोच. आरशात मी दिसेनासा झालो की थांबायचं."

"दिसलास तरी थांबेन कधीकधी."

"ते तुझ्या मर्जीवर."

तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि हाताच्या ब्रेकची पिवळी कळ आत दाबली. गाडीखालून हवा सुटली, फुस्सऽऽ, लांब आणि मोकळी. डिझेलने कान टवकारले. तिने मागचा गिअर टाकला आणि आरशात बघितलं.

हार्लन वाळूत पाय रोवून उभा होता, दोन्ही हात खांद्याच्या वर, बोटं स्वतःकडे वळवत. ये, ये. तिची खूण, जशीच्या तशी. तिने ती त्याला कधी शिकवली नव्हती. तो आरशाकडे बघत नव्हता, आरशाच्या जरा बाजूला बघत होता, म्हणजे तिच्याकडेच बघत होता. मार्लिसने पाय ब्रेकवरून किंचित उचलला आणि गाडी हळूहळू मागे जायला लागली.